दोनदा लागलेला निकाल

आपल्या शाळेच्या दप्तरात दहावीच्या निकालात माझं नाव दोनदा सापडेल. एकदा जून 1993 ला, नापासांत, आणि एकदा त्याच साली ऑक्टोबरच्या परीक्षेत. या स्मरणिकेत डॉक्टर-इंजिनिअर झालेल्यांची मनोगतं भरपूर असणार, म्हणून हेही एक असू द्या.

गणितात सहा मार्क कमी पडले. व्हरांड्यातली यादी बघितली आणि घरी न जाता रंकाळ्यावर जाऊन बसलो, संध्यामठाच्या बाजूला. पाऊस भुरभुरत होता. डोक्यात काय चाललं होतं ते लिहीत नाही. पाण्याकडं बघत बसलो होतो, एवढं पुरे. रात्री आठच्या सुमाराला मागं सायकल स्टँडवर लावल्याचा आवाज आला. अण्णा, माझे वडील. कामावरनं सुटले तसेच, हातातोंडाला काजळी. किती घाट पालथे घातले होते ते नंतर आईकडनं कळलं. शेजारी बसले, खिशातनं भडंगाचा पुडा काढला. "मिरची बाजूला काढ, तिखट हाय." निकालाचा विषयच नाही. पुडा संपला तसं म्हणाले, "चल, आई जेवायची थांबलीया."

अण्णा चौथी शिकलेले. उद्यमनगरातल्या एका फौंड्रीत, म्हणजे ओतकामाच्या कारखान्यात, मोल्डर होते. ऑइल इंजिनाचे भाग ओतायचं काम. चार दिवस काळ्या वाळूचे साचे घालायचे आणि पाचव्या दिवशी क्युपोला, म्हणजे लोखंड वितळवायची भट्टी, पेटायचा. त्या आठवड्यात त्यांनी मला डबा घेऊन यायला सांगितलं, म्हणून मी पहिल्यांदा ओतकाम बघितलं. भट्टीत कोक, चुनखडी, बिडाचं, म्हणजे ओतीव लोखंडाचं, भंगार. खालनं भोक फोडलं की पिवळाधमक रस लाडलमध्ये, म्हणजे दांड्याच्या मोठ्या पळीत, उतरायचा आणि दोघं दोघं जण तो धरून साच्याकडं पळायचे. कोणी बोलत नव्हतं.

दुसऱ्या दिवशी साचे फोडले. अण्णांच्या एका कास्टिंगला वरच्या अंगाला बोटभर भोकं पडली होती. सुपरवायझरनं खडूनं फुली मारली. मला वाटलं, आता बोलणी खाणार. अण्णांनी ते बीड उचलून कोपऱ्यातल्या ढिगावर टाकलं. "पावसाळ्यात वाळू वली ऱ्हाती. वाफ कोंडली की भोक पडतंय. दोष माझ्या हाताचा, लोखंडाचा न्हवं. परत वितळून वतायचं." मी त्या ढिगाकडं बराच वेळ बघत उभा राहिलो.

त्यानंतर ते शाळेत आले. शिक्षकांच्या खोलीबाहेर चपला काढून उभे. आमचे गणिताचे सर जरा तापट. (त्या पिढीतल्या सगळ्यांना ते आठवत असतील, नाव घ्यायची गरज नाही.) सर म्हणाले, "ऑक्टोबरला बसवा, पण मला भरवसा नाही." अण्णा म्हणाले, "न्हाई झाला तर मार्चला बसंल. मी कुठं जातोय?" मग थोडं हसून, "सर, शाहू महाराजांनी शाळेत न येणाऱ्या पोराच्या बापाला महिन्याला रुपया दंड लावला हुता. पोराला न्हवं. काय घ्यायचं ते माझ्याकडनं घ्या."

1917 च्या त्या हुकमाची गोष्ट अण्णांनी कुठं ऐकली होती कुणास ठाऊक. दरवर्षी शाहू जयंतीला दसरा चौकात पुतळ्याला हात जोडायला जायचे, तिथंच कुणाच्या तरी भाषणात असेल. पण सर गप्प झाले. दुसऱ्या दिवसापासनं शाळा सुटल्यावर रोज तासभर मला बसवायला लागले, एक पैसा न घेता. समीकरण चुकलं की खडू फेकून मारायचे आणि वर म्हणायचे, "मार्चला बसशील ना? बाप कुठं जातोय!" चेष्टाच होती, पण मला त्यानं बळ यायचं. नापास झालो तरी घरी ताट तसंच वाढलेलं असणार, हे पक्कं ठाऊक असलं की गणिताची भीती निम्म्यानं उतरते. निदान माझी उतरली.

ऑक्टोबरला गणित सुटलं. अण्णांनी हात धुऊन, टॉवेलाला पुसून मार्कशीट घेतली. तरी कोपऱ्यावर अंगठ्याचा काळा ठसा उमटलाच.

पुढं आयटीआय केलं. आज शिरोली एमआयडीसीत एका फौंड्रीत तपासणी विभागात आहे. म्हणजे फुली मारायचा खडू आता माझ्या हातात असतो.

चार वर्षांपूर्वी, अण्णा जायच्या आधी, एकदा त्यांना विचारलं, "त्या दिवशी ढिगाजवळ तुम्ही माझ्याबद्दल बोलत होता ना?"

त्यांनी आठवायचा प्रयत्न केला. मग म्हणाले, "न्हाई रं. मी कास्टिंगचंच सांगत हुतो. वाळू वलीच हुती." आणि आईला हाक मारली, "च्या टाक गं."