समाधानकारक

सकाळी सव्वासातला मेल्टिंगच्या मामांचा फोन आला. "साहेब, पिटात पानी हाय. बघून जावा."

मी शिरोली एमआयडीसीतल्या एका फाउंड्रीत प्रोजेक्ट मॅनेजर आहे. त्या दिवशी नव्या एक टनाच्या इंडक्शन फर्नेसचं, म्हणजे विजेवरच्या भट्टीचं, सिंटरिंग ठरलं होतं : आतलं अस्तर तापवून पक्कं करायचं. ते अस्तर, म्हणजे लायनिंग, आदल्या रात्रीच ठोकून झालं होतं. सप्लायरचा इंजिनिअर पुण्याहून येऊन लॉजवर उतरला होता आणि मालक पेढ्यांची ऑर्डर देऊन मोकळे झाले होते.

बाहेरच्याला पिट म्हणजे नुसता खड्डा वाटेल. पण लायनिंगला भेग पडून वितळलेल्या धातूचा रस भट्टीभोवतीच्या विजेच्या कॉइलपर्यंत पोचला, तर चौदाशे-साडेचौदाशे अंशांचा तो सगळा रस कुठंतरी उतरायला हवा. त्यासाठी भट्टीखाली पिट ठेवतात, आणि तो कोरडाठाक लागतो. रसाखाली पाणी सापडलं की क्षणात वाफ होते, ती दीड हजार पटींहून जास्त जागा मागते आणि रस छतापर्यंत उडतो. पिट ओला असताना भट्टी पेटवायची नाही, यावर मीटिंगसुद्धा घ्यायची नसते.

बॅटरी मारून बघितलं. चार इंच, नितळ पाणी, वर बिडीचं थोटूक तरंगत होतं. एखादा पाइप फुटला असता तर बरं झालं असतं. हे भिंतीच्या सांध्यातून झिरपत होतं. पिट आम्ही एप्रिलमध्ये बांधला, तेव्हा आत धूळ उडत होती. आता जुलै. पावसाळ्यात अख्खं कोल्हापूर पंचगंगेवरच्या राजाराम बंधाऱ्याची पातळी फूट-इंचात तोंडपाठ सांगतं. ३९ ला इशारा, ४३ ला धोका, हे पानपट्टीवाल्यालाही ठाऊक. आणि आपल्याच फरशीखाली पाणी किती वर आलंय, हे मी कुणाला विचारलं नव्हतं. माझ्या रिस्क रजिस्टरात पावसाळ्याची एकच ओळ होती : 'हायवे बंद झाल्यास मालाला उशीर.'

काम अकरा दिवस लांबलं. इंजिनिअरचा भत्ता रोज चढत होता, मालक माझ्याशी फक्त 'हं' एवढंच बोलत होते. आम्ही आतून सांधे ग्राउट करून बुजवले, लेप दिला. दुसऱ्या सकाळी लेपाच्या कडेनं पुन्हा थेंब. तिसऱ्या दिवशी दोन गल्ल्या पलीकडच्या प्लांटमधला मित्र चहाला भेटला. त्याचंही काम प्रोजेक्टचंच. गेली सात वर्षं दर रविवारी आम्ही एकत्र मिसळ खातो.

"आमच्याकडं २०१९ लाच झालतं की," तो म्हणाला. "आतनं कितीबी लेप दे, पाणी येणारच. बाहेरनं पाणी गोळा करायला खड्डा खण, संप घे, त्यात फ्लोटचा पंप टाक."

"मग बोलला का नाहीस?"

"तू कवा विचारलास? आणि साहेब म्हणालेत, आतलं बाहेर बोलायचं नाही."

त्याच्यावर दोन दिवस धुमसलो. मग संपाची जुनी ड्रॉइंग्ज शोधताना आमच्याच २०१८ च्या पहिल्या भट्टीची फाइल हाताला लागली. तेव्हा मी नुकताच पीएमपी झालो होतो, म्हणजे प्रोजेक्ट मॅनेजमेंटचं प्रमाणपत्र मिळवलं होतं. पीएमबॉक या प्रोजेक्टवाल्यांच्या पोथीच्या २०१७ च्या आवृत्तीत 'लेसन्स लर्न्ड रजिस्टर', म्हणजे कामातून काय शिकलो याची वही, नव्यानं आलं होतं, आणि ते आपल्याकडं हवंच म्हणून मी सगळ्यांचं डोकं खाल्लं होतं. ते पान उघडलं. सिव्हिल : समाधानकारक. मेल्टिंग : समाधानकारक. खाली सही माझी.

मामांना दाखवलं. "तवाबी आल्तं की साहेब. बादल्यांनी उपसलंतं आमी."

आठवलं. ग्राहकाचं ऑडिट तोंडावर होतं, म्हणून लिहिलं नव्हतं.

पुढच्याच महिन्यात एका शनिवारी संध्याकाळी मी शिरोली, गोकुळ शिरगाव आणि कागलच्या प्रोजेक्टवाल्यांना आमच्या कॅन्टीनमध्ये बोलावलं. विषय एकच : आपलं चुकलेलं सांगायचं. कोण येणार? म्हणून आमिष दाखवलं. पीएमपी टिकवायला तीन वर्षांत ६० पीडीयू, म्हणजे शिकण्या-शिकवण्याचे गुण, लागतात, त्यातले २५ पर्यंत दुसऱ्याला शिकवून-सांगून मिळतात. चौदाजण आले. तिघं पीडीयूसाठी, बाकीचे बहुधा भज्यांसाठी.

पहिली चाळीस मिनिटं निव्वळ आरती. 'आम्ही दहा दिवस आधी दिलं.' 'आमचं बजेटमध्ये बसलं.' आमच्या धंद्यात कुणाचंच काही बिघडत नाही. बिघडतं ते नेहमी व्हेंडरचं. शेवटी मी ते पान काढलं, वाचलं, आणि बादल्यांची गोष्ट सांगितली. कुणी बोलेना. मग गोकुळ शिरगावची एक पोरगी, दोनच वर्षांचा अनुभव, म्हणाली, "सर, आमचा क्रेनचा गर्डर दोन इंच लांब आला. फॅब्रिकेटरकडं जुनं ड्रॉइंग होतं. नवं माझ्या मेलच्या ड्राफ्टमध्येच पडून होतं." आपण होऊन तिनं 'माझ्या' म्हटलं. त्यानंतर मात्र सगळे एकमेकांचं बोलणं तोडत सुटले.

साठी उलटलेले एक काका कोपऱ्यात बसले होते. "पेन ठेवा खाली, मग सांगतो," म्हणाले. मी ठेवलं. ते वीस मिनिटं बोलले. त्यातलं एक वाक्य जरी मला २०१८ मध्ये ठाऊक असतं तर... असो. शब्द दिलाय, त्यामुळं इथंही लिहीत नाही. पण त्या वीस मिनिटांचं काय करायचं, हे मला अजून कळलेलं नाही.

नव्या भट्टीची फाइल गेल्या आठवड्यात बंद केली. मेल्टिंगच्या रकान्यात लिहिलं : 'जुलैत पिटात चार इंच पाणी. २०१८ मध्येही आलं होतं, तेव्हा नोंदवलं नाही.' खाली सही केली. काल फाइल क्वालिटीकडून परत आली. समासात पेन्सिलीनं बारीक अक्षरात होतं : 'दुसरं वाक्य काढावं. पुढच्या महिन्यात ऑडिट आहे.'