डोळ्याच्या पडद्याचे फोटो काढायला शिकताना

बारावी विज्ञाननंतर रुग्णालयात काम करायचे आहे, पण एमबीबीएस नाही, अशा मुलांना मी बी.ऑप्टॉम (डोळे तपासण्याच्या शास्त्राची पदवी) सुचवतो. चष्म्याचा नंबर काढणे हा त्यातला एकच भाग. फंडस फोटोग्राफी (डोळ्याच्या पडद्याचे फोटो काढणे) आणि ओसीटी (प्रकाशाने पडद्याच्या थरांचा स्कॅन) नीट शिकलात, तर रेटिना म्हणजे पडद्याच्या आणि काचबिंदूच्या विभागांत तुमच्या कामाला मोल आहे.

यंत्र चालवणे लवकर जमते. वेळ लागतो तो दिसलेला डाग डोळ्यातला की यंत्रातला, हे ओळखायला.

मधुमेहींच्या तपासणीत सहसा प्रत्येक डोळ्याचे 45 अंशांचे दोन फोटो घेतात: एकात मॅक्युला (पडद्याचा सर्वांत स्पष्ट दिसणारा मधला भाग) मध्यभागी, दुसऱ्यात ऑप्टिक डिस्क (डोळ्याची नस पडद्यातून बाहेर पडते ती जागा). ट्रॉपिकामाइडचा थेंब घातला की बाहुली मोठी व्हायला 20 ते 30 मिनिटे द्या. अँगल (आतले पाणी निचरण्याचा कोन) अरुंद असलेल्या डोळ्यात याच थेंबाने दाब एकदम चढू शकतो, म्हणून थेंब डॉक्टरांच्या सांगण्यावरूनच. थेंबाशिवाय चालणाऱ्या कॅमेऱ्यालाही साधारण 4 मिमीची बाहुली आणि अंधारी खोली लागते. पहिल्या डोळ्यावर फ्लॅश पडला की दोन्ही बाहुल्या आकसतात. घाईत दुसरा फोटो काळा येतो तो यामुळेच. काही मिनिटे थांबा.

कडेला पांढुरकी कोर दिसली, तर कॅमेरा जवळ-दूर झालाय किंवा बाहुलीच्या मध्यापासून सरकलाय. सगळाच फोटो धूसर असेल तर आधी पापण्या मिटून उघडायला सांगा, अश्रूंचा थर नीट पसरतो. तरीही धूसर राहिला तर मोतीबिंदूचा विचार करा. वेगवेगळ्या रुग्णांच्या फोटोंत ठिपका एकाच जागी येत असेल, तर लेन्सवर धूळ आहे. आधी ब्लोअर, मग लेन्स पेपर. ॲप्रनच्या टोकाने कधीच नाही!

ओसीटीला जास्त वेळ द्या. 1991 मध्ये जगासमोर आलेले हे तंत्र आज पडद्याचे थर सुमारे 5 मायक्रॉनपर्यंत वेगळे दाखवते, आणि फसवतेही तितकेच. स्कॅनसोबत येणारा लाल-पिवळा-हिरवा नकाशा म्हणजे थरांच्या जाडीची त्या वयाच्या निरोगी डोळ्यांशी केलेली तुलना; लाल म्हणजे थर नेहमीपेक्षा बराच पातळ. मोठ्या मायनस नंबरच्या डोळ्यात काचबिंदू नसतानाही लाल रंग येतो. सॉफ्टवेअरने थरांवर आखलेली रेघ भरकटली तर जाडीचा आकडाच चुकतो. म्हणून प्रिंट देण्याआधी मूळ स्कॅन एकेक उघडून पाहा, सिग्नलची ताकद तपासा. मध्ये काळी पट्टी असेल तर रुग्णाने पापणी मिटली होती. स्कॅन पुन्हा घ्या. वयस्कर माणसाला "आजोबा, हिरव्या खुणेकडे बघत राहा" हे शांतपणे, थोडे मोठ्याने सांगणे हासुद्धा तंत्राचाच भाग आहे.

शेवटचे वर्ष इंटर्नशिपचे असते. जागा पक्की करण्याआधी तिथल्या सीनियर मुलांना विचारा: स्कॅन स्वतः काढू देतात, की नुसते मागे उभे करतात?