सर्जिओ बुस्केट्स: चेंडू येण्याआधीचा खेळ

स्पॅनिश फुटबॉलपटू सर्जिओ बुस्केट्सची कारकीर्द गोलांच्या हिशेबात मांडायला गेलं तर हाती फारसं काही लागत नाही. बार्सिलोनासाठी ७२२ सामने आणि १८ गोल, स्पेनसाठी १४३ सामने आणि २ गोल. वेग नाही, चार जणांना चकवत सुटणं नाही, लांबून मारलेले फटके नाहीत. तरीही ३ चॅम्पियन्स लीग, ९ ला लीगा (स्पेनची लीग), २०१० चा वर्ल्ड कप आणि २०१२ चा युरो. १८९ सेंटिमीटर उंचीचा, अंगानं सडपातळ असा हा खेळाडू बार्सिलोनात १५ सीझन डिफेन्सच्या पुढ्यातली, म्हणजे पिव्होटची, जागा सांभाळून होता. त्या जागेवर चेंडू गेला की समोरच्याला थेट गोल दिसतो. पळून भरून काढायची सोय नसलेला माणूस तिथे इतका टिकला, कारण त्याचं बरंचसं काम चेंडू पायाशी येण्याआधीच झालेलं असायचं.

जन्म १६ जुलै १९८८, बार्सिलोनाजवळच्या साबादेलचा. वडील कार्लेस याच क्लबचे गोलकीपर. २००७-०८ मध्ये पेप गार्डिओला बार्सिलोनाच्या ‘ब’ संघाचा कोच होता आणि तो संघ स्पेनच्या चौथ्या श्रेणीत खेळत होता. बुस्केट्स त्या संघात होता. गार्डिओला मुख्य संघाकडे गेला तेव्हा त्यालाही वर घेऊन गेला, आणि १३ सप्टेंबर २००८ ला रासिंग सांतांदेरविरुद्ध तो ला लीगात पहिल्यांदा उतरला. त्या जागेवर तेव्हा याया टुरेसारखा तगडा गडी होता. पण मे २००९ मध्ये रोमला मँचेस्टर युनायटेडविरुद्ध चॅम्पियन्स लीगची फायनल झाली तेव्हा टुरे सेंटर बॅक (मधला बचावपटू) म्हणून खेळला आणि मिडफिल्डमध्ये मागे २० वर्षांचा बुस्केट्स. पुढच्याच वर्षी टुरे मँचेस्टर सिटीला गेला.

आता मुख्य मुद्दा, तो नेमकं काय करायचा. पहिलं म्हणजे बघणं. पिव्होटनं मान वळवून मागे बघावं हे प्रत्येक कोच ओरडून सांगतो, पण कधी बघावं हे फारसं कुणी सांगत नाही. चेंडू एका सेंटर बॅककडून दुसऱ्याकडे जात असतो तेवढा वेळ तो कुणीच खेळू शकत नाही. तो सेकंदभराचा वेळ तुमचा असतो. बुस्केट्स तेवढ्यात एका खांद्यावरून बघून घ्यायचा, चेंडू परत फिरला की दुसऱ्या खांद्यावरून. बहुतेक मुलं पास आपल्याकडे निघाल्यावर मागे बघतात. मग चेंडूवरची नजर सुटते, पहिला टच अर्धा मीटर लांब जातो आणि मागून येणाऱ्याला तेवढंच हवं असतं.

दुसरं, उभं राहणं. समोरच्या स्ट्रायकरच्या सरळ पाठीमागे उभे राहिलात तर सेंटर बॅकला तुम्ही दिसतही नाही. बुस्केट्स दोन-तीन पावलंच बाजूला सरकायचा, आणि तीही स्ट्रायकरची नजर चेंडूकडे वळली की. त्यापेक्षा जास्त धावलं तर मार्कर सोबत येतो आणि उघडलेली वाट परत बंद होते. शरीर नेहमी अर्धं वळलेलं असायचं: एक खांदा आपल्या गोलकडे, एक समोरच्यांच्या. त्यामुळे चेंडू लांबच्या, म्हणजे पास येतो त्याच्या पलीकडच्या, पायावर घेता येतो आणि त्याच टचमध्ये पुढे तोंड होतं. जवळच्या पायावर घेतला की वळायला आणखी एक टच लागतो, तेवढ्यात प्रेस, म्हणजे चेंडू हिसकवायला धावून येणारा समोरचा, अंगावर येऊन पोचतो.

आणि कुणी त्याला अंगाला चिकटून मार्क केलंच तर? मग तो चेंडू मागतच नसे. मार्करला घेऊन बाजूला सरकायचा, आणि मधे पडलेल्या मोकळ्या जागेतून सेंटर बॅक पिके चेंडू घेऊन चालत पुढे यायचा. त्याला रोखायला समोरचा दुसरा कुणी बाहेर आला की मिडफिल्डमधला झावी किंवा इनिएस्टा मोकळा. त्या हल्ल्यात बुस्केट्सचा चेंडूला स्पर्शही झालेला नसतो, पण हल्ला त्यानंच सुरू केलेला असतो. गार्डिओलाच्या काळात तो दोन सेंटर बॅकच्या मधोमध खाली उतरायचा, त्यामागचाही हिशेब असाच. समोरून दोन जण प्रेस करत असतील तर तीन विरुद्ध दोन होतात आणि दोन्ही फुल बॅक (कडेचे बचावपटू) वर जाऊ शकतात. समोरून एकच जण येत असेल तर मात्र खाली उतरू नये. मिडफिल्डमधला एक माणूस उगाच वाया जातो. आपल्याकडचे कित्येक पिव्होट सवयीनं प्रत्येक वेळी खाली येतात आणि मग वर पास द्यायला कुणी उरतच नाही.

पासचा वेग आणि पाय यांकडे तर मुद्दाम लक्ष द्यावं. घेणाऱ्याच्या मागे माणूस नसेल तर बुस्केट्स त्याच्या लांबच्या पायावर पास द्यायचा, म्हणजे वळ. मागे माणूस असेल तर जवळच्या पायावर, म्हणजे सांभाळ, परत दे. तोंडानं काही सांगायची गरजच नाही. स्वतःवर प्रेस आला की त्याची ठरलेली युक्ती होती. नजर आणि कंबर विंगकडे, पास मारण्यासाठी पाय उचललेला, आणि शेवटच्या क्षणी बुटाच्या तळव्यानं चेंडू मागे ओढायचा. समोरचा आधीच पास अडवायला झेपावलेला असतो, तो बाजूनं निघून जातो. ही युक्ती प्रेस वेगानं आला तरच चालते. समोरचा दीड मीटरवर थांबून वाट बघत असेल तर चेंडू ओढून काहीच मिळत नाही, तिथे साधा बाजूचा पास द्यावा.

एक प्रसंग शोधून बघाच. २७ एप्रिल २०११, रेआल माद्रिदचं मैदान बर्नाबेऊ, चॅम्पियन्स लीगची सेमी फायनल, ८७ वं मिनिट. मेस्सी चेंडू बुस्केट्सला देतो आणि धाव घेतो. बुस्केट्स गोलकडे पाठ करून उभा. तो चेंडू फक्त थांबवतो आणि धावत आलेल्या मेस्सीच्या पुढ्यात ठेवतो. पुढे मेस्सी माद्रिदच्या अख्ख्या डिफेन्समधून गेला, ते सगळ्यांच्या लक्षात आहे. पण त्या जागी दुसरा कुणी वळायला गेला असता, किंवा चेंडू एक मीटर जास्त सरकवला असता, तर मेस्सीची गती मोडली असती.

बचावात वेगाची उणीव तो जागेनं भरून काढायचा. आपला संघ हल्ला करत असतानाच तो समोरच्यांच्या पुढे राहिलेल्या माणसाजवळ जाऊन उभा राहायचा, चेंडू गेला की पहिला पास तिथेच तुटायचा. नाहीच तुटला तर फाऊल, तोही त्यांच्याच हाफमध्ये, लवकर. उशिरा आणि मधल्या रेषेच्या अलीकडे केलेल्या फाऊलवर यलो कार्ड मिळतं, आणि कार्ड मिळालेला पिव्होट उरलेला सामनाभर टॅकलला पाय घालायला कचरतो. एक गोष्ट मात्र खटकते. २०१० च्या चॅम्पियन्स लीगच्या सेमी फायनलमध्ये इंटर मिलानच्या थिआगो मोट्टाचा हात लागल्यावर तो तोंड धरून कोसळला आणि बोटांच्या फटीतून रेफरीकडे बघताना कॅमेऱ्यात सापडला. मोट्टाला रेड कार्ड मिळालं. इतक्या हुशार खेळाडूला ते शोभलं नाही.

हे सगळं एका अटीवर चालायचं. त्याच्या आजूबाजूची अंतरं आखूड हवीत. २०१० च्या वर्ल्ड कपमध्ये स्वित्झर्लंडकडून ०-१ हरल्यावर बुस्केट्स आणि झाबी अलोन्सो असे दोन पिव्होट कशाला, अशी टीका झाली. कोच व्हिसेंते डेल बॉस्के हटला नाही, आणि स्पेननं ७ सामन्यांत फक्त २ गोल खाऊन कप जिंकला. याउलट बार्सिलोनाचे दोन मोठे पराभव: फेब्रुवारी २०१७ मध्ये पॅरिसला पीएसजीविरुद्ध ०-४ आणि ऑगस्ट २०२० मध्ये लिस्बनला बायर्नविरुद्ध २-८. तेव्हा ‘बुस्केट्स संपला’ असं सर्रास म्हटलं गेलं. पुढचे प्रेस करत नव्हते, फुल बॅक वर गेलेले, आणि मधल्या मोकळ्या रानात हा एकटा. पाय आधीच मंद होते, वयानं आणखी झाले, हे खरंच. पण २०२२-२३ मध्ये आता कोच झालेल्या झावीनं चार मिडफिल्डर खेळवून फ्रेंकी डी योंगला त्याच्या शेजारी आणलं, तेव्हा ३४ वर्षांच्या याच बुस्केट्सच्या संघानं ३८ सामन्यांत २० गोल खाऊन लीग जिंकली. त्यानंतर तो अमेरिकेत इंटर मायामीला गेला आणि डिसेंबर २०२५ मध्ये तिथल्या लीगचा एमएलएस कप जिंकून थांबला.

ही पद्धत आपल्याकडे जवळून बघायला मिळाली ती सर्जिओ लोबेरामुळे. बार्सिलोनात काम केलेला हा कोच आधी एफसी गोवा आणि मग मुंबई सिटीकडे आला. दोन्हीकडे त्याचा पिव्होट मोरोक्कोचा अहमद जाहू होता. जाहू लांब तिरके पास जास्त मारायचा, पण सेंटर बॅकच्या मधे उतरून खेळ सुरू करणं तेच. २०२०-२१ मध्ये मुंबईनं इंडियन सुपर लीगची शील्ड आणि ट्रॉफी दोन्ही जिंकल्या.

सराव करायचा असेल तर तीन जण आणि २० मीटर जागा पुरे. एक पास देणारा, मधे पिव्होट, पलीकडे तिसरा. पास सुटायच्या आधी तिसऱ्यानं हाताची बोटं वर करायची, पिव्होटनं पहिल्या टचच्या आधी आकडा ओरडायचा. जमलं की तिसऱ्याला चार-पाच मीटरवर आणून उभं करा. तो धावून आला तर चेंडू एका टचमध्ये परत, जागीच थांबला तर लांबच्या पायावर घेऊन वळायचं. दहा पास झाले की जागा बदला, कारण दमल्यावर सगळ्यात आधी मान वळायची थांबते. मुरमाच्या मैदानावर चेंडू उसळतो, तिथे एका टचचा हट्ट धरू नका, तळव्यानं थांबवून दुसऱ्या टचला पास द्या. पावसाळ्यात चिखलात चेंडू मधेच अडकतो, तेव्हा उभं राहून वाट न बघता दोन पावलं पुढे येऊन घ्या.