चांदीच्या पाण्यासाठी घरचा स्टरर, जुन्या कॉम्प्युटर फॅनचा

कोलॉइडल सिल्व्हर, म्हणजे चांदीचे अतिबारीक कण तरंगत असलेलं पाणी, घरी करायचं म्हटलं की सगळे विचारतात बॅटरी किती व्होल्टची, चांदी किती टंच, पण पाणी ढवळायचं कसं हे कोणी विचारतच नाही, आणि मला विचाराल तर निम्मं काम त्या ढवळण्यातच आहे.

पुढे जायच्या आधी एक सांगतो, हे पाणी प्यायचं नाही. सर्दीवर, पोटावर, कशावरही नाही. अमेरिकेत औषधांवर देखरेख ठेवणाऱ्या एफडीएने १९९९ मध्येच नियम करून सांगितलंय की कोलॉइडल सिल्व्हर घातलेली दुकानात अशीच मिळणारी औषधं सुरक्षित आणि गुणकारी मानता येत नाहीत, आणि बरेच महिने-वर्षं पीत राहिलं तर चांदी कातडीत साठते, अंग निळसर राखाडी पडतं, अर्जिरिया म्हणतात त्याला, आणि तो रंग सहसा जात नाही. उष्टावणाला बाळाला चांदीच्या वाटीतून खीर देतो तो विषयच वेगळा, त्याचा आधार इथे घेऊ नका. मी हे करतो ते उजेडासाठी, टिंडल इफेक्ट, म्हणजे पाण्यातल्या बारीक कणांवर उजेड विखुरून त्याची रेघ दिसते तो, मुलांना डोळ्यांनी बघता यावा म्हणून. दुधाचे दोन थेंब पाण्यात टाकून पण तो दिसतो, मान्य, पण चांदीचे कण पाण्यात तयार होताना बघणं ही वेगळीच मजा आहे.

तर ढवळायचं कशाला? चोख चांदीच्या, म्हणजे ९९९ च्या, दोन तारा डिस्टिल्ड वॉटरमध्ये सोडल्या आणि करंट दिला की पॉझिटिव्ह तारेवरून चांदीचे आयन, म्हणजे विद्युतभार असलेले अणू, सुटतात. (९२५ ची दागिन्यांची चांदी घेऊ नका, त्यात चांदी सोडून जो थोडा भाग उरतो तो बहुतेक वेळा तांब्याचा असतो, ते पण पाण्यात उतरतं.) पाणी स्थिर असेल तर हे आयन तारेजवळच गर्दी करतात, मग निगेटिव्ह तारेवर काळपट केसाळ थर चढत जातो, त्याचे तुकडे सुटून तळाशी बसतात, आणि कधी कधी दोन तारांमध्ये चांदीचे बारीक धागे वाढत जाऊन एकमेकांना टेकतात सुद्धा. पाणी सतत फिरतं राहिलं तर आयन सगळीकडे पसरतात आणि हा त्रास बराच कमी होतो. बासुंदी आटवताना ढवळतो तसं, हळू पण न थांबता.

पहिल्यांदा सगळ्यांच्या डोक्यात वरून मोटर लावून काडी फिरवायचं येतं. गिअरवाली १२ व्होल्टची मोटर मिळते, स्पीडही हवा तसा कमी असतो, पण तिचं ग्रीस आणि ब्रशची पूड खाली पाण्यात पडू शकते आणि इथे पाण्याची शुद्धता म्हणजे सगळं काही. शिवाय काडी काचेचीच पाहिजे, धातूची चालत नाही. म्हणून खालून लोहचुंबकाने फिरवणारा मॅग्नेटिक स्टररच बरा.

त्याला लागतो जुन्या कॉम्प्युटरचा १२ व्होल्टचा फॅन, पुण्यात असाल तर बुधवार पेठेत पासोड्या विठोबाजवळ फॅन, मॉड्यूल, वायरी सगळं एका फेरीत होतं, मुंबईत लॅमिंग्टन रोड आहेच. फॅनच्या मधल्या गोल भागावर दोन छोटे निओडिमियम मॅग्नेट अराल्डाइटने चिकटवायचे, एकाचा उत्तर ध्रुव वर, दुसऱ्याचा दक्षिण, आणि दोघांमधलं अंतर साधारण स्टरर बारच्या, म्हणजे पाण्यात टाकायच्या टेफ्लॉन चढवलेल्या चुंबकाच्या कांडीच्या, लांबीएवढं. इथे एक गोम आहे. फॅनच्या आत रोटर कुठे आहे हे ओळखणारा हॉल सेन्सर असतो, वरच्या मॅग्नेटची ओढ त्याच्यापर्यंत पोचली की फॅन गोंधळतो, नुसता थरथरतो किंवा सुरूच होत नाही. त्यासाठी मॅग्नेटच्या खाली लोखंडी वॉशर किंवा पातळ चकती चिकटवायची, खाली जाणारी ओढ अडते आणि वरची उलट वाढते. चकती अगदी मध्यावर बसवा, नाहीतर फॅन ज्यात बसवतो तो सगळा डबा टेबलावर नाचतो.

स्पीडसाठी एलएम२५९६ वालं बक मॉड्यूल, म्हणजे व्होल्टेज हवं तेवढं उतरवणारं छोटं सर्किट, लावा. स्वस्तातला पीडब्ल्यूएम कंट्रोलर नको, फॅनमध्ये स्वतःचं सर्किट असतं, त्याचा पुरवठा सारखा तोडत राहिलं की ते कुरकुरतं. व्होल्टेज कमी केल्यावर फॅन उभ्यापासून सुरू होत नसेल तर आधी वाढवून फिरवून घ्या आणि मग उतरवा. पाण्यावर भोवरा दिसायची गरज नाही, मधोमध जरासा खळगा पडला की बास. जोरात फिरवलं तर टेफ्लॉनचा बार मॅग्नेटची पकड सोडून काचेवर तडतड उडतो. डबा प्लास्टिकचा किंवा लाकडाचा, आणि मॅग्नेट बीकरच्या तळाला लागणार नाहीत पण शक्य तेवढे जवळ.

चांदीच्या तारांना ९ व्होल्टच्या तीन बॅटऱ्या सिरीजमध्ये, म्हणजे २७ व्होल्ट, आणि मध्ये २२ किलोओहमचा रेझिस्टर, त्यामुळे करंट सव्वा मिलिअँपच्या वर जातच नाही. फॅनचा पुरवठा वेगळा ठेवा. फॅरडेच्या नियमाने १ मिलिअँप तासभर चालला तर साधारण ४ मिलिग्रॅम चांदी सुटते, म्हणजे १ लिटर पाण्यात १० मिलिग्रॅमसाठी अडीच तास, प्रत्यक्षात थोडी निगेटिव्ह तारेवर परत बसते म्हणून त्याहून कमीच मिळते. पाणी नळाचं घेतलंत तर क्लोराइडमुळे लगेच पांढरट धूर दिसेल, तो सिल्व्हर क्लोराइड.

आता तयार झालेलं पाणी अगदी नितळ दिसतं, कारण त्यात बहुतेक आयनच असतात, लेझरची रेघ फिकटच दिसते. खरी गंमत पुढे. चिमूटभर धुण्याचा सोडा आणि थोडं ग्लुकोज घालून कोमट करा, स्टरर चालूच ठेवा, आणि हळूहळू पाणी पिवळं व्हायला लागतं. हे कण ४०० नॅनोमीटरच्या आसपासचा जांभळा उजेड शोषतात म्हणून उरलेला पिवळा दिसतो. खोलीत अंधार करून हिरवा लेझर बाजूने सोडा, एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत सरळ रेघ दिसते, लाल लेझरने तेवढी ठळक नाही, कारण बारीक कण छोट्या तरंगलांबीचा उजेड जास्त विखुरतात. लेझर मुलांच्या हातात देऊ नका, डोळ्यांच्या रेषेत तर अजिबात नको.

झाल्यावर हे पाणी बेसिनमध्ये ओतू नका, फिश टँकच्या जवळ तर नेऊच नका, चांदीचे आयन माशांना फार विषारी असतात. मी त्यात मीठ घालून रात्रभर ठेवतो, खाली बसलेला गाळ वेगळ्या बाटलीत जमा करतो, आणि बाटलीवर मार्करने मोठ्या अक्षरात लिहितो: चांदी, पिऊ नये.