बॉनेटखालचा फोम

नाशिकच्या अंबड औद्योगिक वसाहतीत बस-ट्रकच्या बॉडीची कामे करण्यात माझी २२ वर्षे गेली आहेत, पण गेल्या एप्रिलमधल्या त्या दुपारी बॉनेट उचलल्यावर जे दिसले, ते आठवले की आजही माझा हात थबकतो.

गंगापूर रोडवरचे एक निवृत्त बँक अधिकारी आणि त्यांच्या पत्नी आपली बस घेऊन आले होते. जुनी बस घेऊन त्यांनी तिचे फिरते घर करून घेतले होते. मागच्या भागातल्या भिंती आणि छप्पर उष्णतारोधक केलेले होते आणि ते काम खरोखर नीट झाले होते. तक्रार होती ती फक्त ड्रायव्हरच्या केबिनची. "मागे बसलं तर गारवा असतो, पण पुढे दहा मिनिटं बसवत नाही. यांचा डावा पाय आणि माझा उजवा पाय, दोन्ही भाजून निघतात," असे काकूंनी सांगितले, आणि त्या एका वाक्यात दुखणे नेमके कुठे आहे हे मला कळले. इंजिन पुढे असलेल्या बसमध्ये ते ड्रायव्हरच्या डाव्या हाताला, जवळजवळ केबिनच्या आतच असते. मध्ये आड असते ते केवळ बॉनेटचे कवच. त्या बॉनेटवर आणखी एक जाड थर चढवून द्या, एवढीच काकांची मागणी होती.

बाहेरून थर चढवण्याआधी आतली बाजू पाहायची, ही आमच्या कारखान्याची रीत आहे. मिस्त्रींनी कड्या काढून बॉनेट उलटे केले. आधी ज्यांच्याकडे काम झाले होते त्यांनी आतून पॅकिंगला वापरतात तसला फोम नुसत्या गोंदाने चिकटवला होता. उष्णतेने गोंद सुटून फोमचा मधला भाग लोंबत खाली आला होता आणि इंजिनात डिझेल फवारणाऱ्या नोझलपासून उरलेले डिझेल परत नेणाऱ्या ओव्हरफ्लो पाइपमधून झिरपणारे डिझेल त्याने कित्येक दिवस पिऊन घेतले होते. मी चिमटीत धरून दाबला, तर मनगटापर्यंत ओघळ आला. टर्बोच्या, म्हणजे इंजिनाच्या धुरावर फिरून आत जास्त हवा ढकलणाऱ्या पंख्याच्या, बाजूची कड तपकिरी होऊन पापडासारखी कुरकुरीत झाली होती. डिझेल सुमारे २१० अंश सेल्सिअसला ठिणगीवाचूनही पेट घेऊ शकते, आणि घाट चढताना टर्बोचे कवच त्याच्या दुपटीहून अधिक तापते. मध्ये अंतर उरले होते ते जेमतेम चार बोटांचे. नाशिकच्या माणसाला पेटलेली बस म्हटले की ८ ऑक्टोबर २०२२ ची औरंगाबाद रस्त्यावरची पहाट आठवते. तिथे धडकेनंतर आग लागली होती, इथले कारण निराळे होते. पण काकांच्या हातात तो तुकडा दिला तेव्हा आम्ही कोणीच बराच वेळ बोललो नाही.

म्हणून आधी ओव्हरफ्लो पाइप आणि त्याचे वॉशर बदलले, इंजिन धुऊन कोरडे केले आणि मगच उष्णतेकडे वळलो. बॉनेटच्या आतून सिरॅमिक वूल, म्हणजे खूप उष्णता सोसणारी कापसासारखी तंतूंची चादर, बसवून त्यावर ॲल्युमिनियमचा पत्रा रिवेटने पक्का केला आणि कडा अशा दुमडल्या की तेलाचा थेंब आत शिरू नये. इंजिनाकडच्या बाजूला गोंदावर विसंबायचे नाही, हा नियम मी कोणासाठीही मोडत नाही. या वूलचे बारीक तंतू श्वासावाटे आत जाणे वाईट, त्यामुळे मास्क आणि पूर्ण बाह्यांचे कपडे घातल्याशिवाय त्याला हात लावू दिला नाही. केबिनच्या बाजूने पत्र्याचा थरथराट मारण्यासाठी ब्यूटाइल रबराची शीट, तिच्यावर सहज आग न धरणारा नायट्राइल रबर आणि वर धुता येईल असे रेक्झिन, असे थर दिले.

मात्र खरा फरक थरांनी पडला नाही, तो भोके बुजवल्याने पडला, हे मी आग्रहाने सांगतो. संध्याकाळी शेडचे दिवे मालवले, एक पोरगा खाली बॅटरी घेऊन झोपला आणि मी ड्रायव्हरच्या जागी ओणवा होऊन पाहू लागलो. क्लच-ब्रेकच्या पेडलभोवती, स्टिअरिंगच्या दांड्यापाशी, गिअरच्या दांड्याच्या फाटक्या रबर बुटातून, वायरिंगच्या जुडग्याशेजारून उजेडाच्या रेघा वर आल्या. नंतर इंजिन चालू करून उदबत्ती फिरवली, तर पेडलपाशी धूर सरळ वर न जाता आडवा फेकला जात होता. तापलेली हवा, धुराचा वास आणि निम्मा आवाज याच वाटांनी येत होता. शंभर भागांत एक भाग उघडा राहिला तरी कितीही जाड थराने आवाज २० डेसिबलच्या पलीकडे फारसा उतरत नाही. नवे बूट, ग्रोमेट (वायरी जातात त्या भोकांतल्या रबरी कड्या) आणि बॉनेटच्या काठाचे कडक झालेले बीडिंग बदलण्यात पूर्ण दुसरा दिवस गेला.

पुढच्या काचेवर फिल्म लावा, असेही काकांनी सुचवले. त्या काचेतून किमान ७० टक्के उजेड आत आलाच पाहिजे असा नियम आहे, म्हणून मी नकार दिला. त्याऐवजी गाडी उभी असताना लावायचे जाड पडदे आणि रात्रीसाठी केबिनमागे एक पडदा शिवून दिला. निफाडच्या थंडीत काचेला आतून दव धरते, तेव्हाही तो पडदा मागच्या बिछान्याला उपयोगी पडेल.

तिसऱ्या दिवशी कसाऱ्यापर्यंत उतरून भर उन्हात तोच घाट चढत आम्ही परत आलो. आधी तापमापकाने बॉनेटवर ६८ अंश दाखवले होते. इगतपुरीला थांबलो तेव्हा ४३ दिसले. काकांनी तो आकडा वहीत टिपला. काकूंनी मात्र आधी बॉनेट उघडायला लावले, इंजिन निवेपर्यंत थांबल्या, मग नव्या पाइपच्या जोडावरून बोट फिरवले आणि ते कोरडे असल्याचे मला दाखवले.