व्हिटॅमिन डी ‘नॉर्मल’ आलं, पण टेस्टच वेगळी झाली होती (माझा अनुभव)

मला क्रोन्स आहे, म्हणजे आतड्याला वारंवार सूज येण्याचा जुनाट आजार, माझा लहान आतड्याच्या अगदी शेवटच्या भागात. निदान, स्कोपी, औषधं सुरू होणं हे सगळं तसं सुरळीत पार पडलं. लिहायचंय ते व्हिटॅमिन डीच्या एका साध्या रक्ततपासणीबद्दल, कारण तिने मला जेवढं छळलं तेवढं कोलोनोस्कोपीनेही छळलं नाही आणि आजही आठवलं की डोकं तापतं.

स्टिरॉइडचा कोर्स लांबला होता, कंबर आणि नडग्या ठणकायच्या, जिना चढताना मांड्यांत जोरच नसायचा. पोटाच्या डॉक्टरांनी लगेच ओळखलं. आयबीडीवाल्यांमध्ये (क्रोन्ससारखे आतड्याच्या सुजेचे आजार असलेल्यांमध्ये) व्हिटॅमिन डी कमी असणं खूप कॉमन आहे म्हणाले. हे व्हिटॅमिन चरबीत विरघळणारं, ते शोषायला पित्तातले क्षार लागतात आणि ते क्षार परत ओढून घ्यायचं काम नेमकं आतड्याच्या त्याच टोकाला होतं जे माझं सुजलेलं. वर स्टिरॉइडमुळे कॅल्शियम नीट शोषलं जात नाही, हाडं झिजतात. त्यांनी चिठ्ठीवर ‘व्हिट डी, कॅल्शियम, सीआरपी’ (ही शेवटची सूज किती आहे ते दाखवणारी तपासणी) एवढंच लिहिलं आणि रिपोर्ट येईपर्यंत एक डोस सुरू करून दिला.

आता खरी गोष्ट. व्हिटॅमिन डीच्या दोन टेस्ट असतात. एक २५-हायड्रॉक्सी, म्हणजे शरीरात साठा किती आहे ते. दुसरी १,२५-डायहायड्रॉक्सी, म्हणजे किडनीने त्यातून बनवलेलं ॲक्टिव्ह रूप. साठा बघायचा तर पहिलीच करायची असते. काउंटरवरच्या बाईंनी कॉम्प्युटरमध्ये नाव टाकलं, दोन पर्याय आले, आणि मला काही न विचारता त्यांनी दुसरा निवडला. रिपोर्ट आला ५८, समोर रेंज, कुठेही लाल खूण नाही. ज्युनियर डॉक्टरांनी वरवर बघितलं, ‘५८ म्हणजे एकदम छान’ म्हणाले आणि चालू असलेला डोस बंद करायला सांगितला.

घरी आले तरी मनात किडा वळवळत होता. लेव्हल इतकी छान असेल तर जिना का चढवत नाही? रात्री रिपोर्ट परत काढून बारीक अक्षरं वाचली तेव्हा दिसलं, ५८ च्या पुढे पिकोग्रॅम लिहिलंय आणि वर नावात १,२५. साठ्याची टेस्ट नॅनोग्रॅममध्ये मोजतात (काही ठिकाणी नॅनोमोलमध्ये, ते पुढे सांगते). नॅनोग्रॅममध्ये ५८ असतं तर खरंच छान होतं. इथे तो आकडा पूर्णपणे वेगळ्याच गोष्टीचा होता.

दुसऱ्या दिवशी लॅबमध्ये गेले. ‘अहो ताई, रेंजमध्ये आहे ना, मग काय प्रॉब्लेम आहे?’ मी म्हटलं, मॅडम, टेस्टच वेगळी झालीय. तर म्हणे चिठ्ठीवर व्हिट डी आहे, आम्ही व्हिट डी केली, दुसरी हवी असेल तर डॉक्टरांची नवीन चिठ्ठी आणा. हॉस्पिटलच्या डेस्कवर गेले तर तिथे म्हणे रिपोर्ट नॉर्मल आहे, मग तुमची अर्जंट अपॉइंटमेंट कशाला, पुढच्या फॉलोअपला दाखवा. लॅब डॉक्टरांकडे बोट दाखवणार, डेस्क रिपोर्टकडे, आणि मधल्या मधे माझी हाडं दुखतायत आणि गोळी बंद. मला सगळ्यात राग याचा आला की प्रत्येक जण आकडा बघत होता, आकड्यावरचं नाव कोणीच वाचत नव्हतं.

शेवटी मी एका कागदावर मोठ्या अक्षरात लिहिलं, ‘ही १,२५ टेस्ट आहे, २५-हायड्रॉक्सी झालेली नाही, डोस बंद केला आहे’, तो रिपोर्टला स्टेपल केला आणि डेस्कवरच्या मुलाला सांगितलं की एवढंच आत नेऊन दाखव, मी इथेच बसते. बराच वेळ बसले. मग डॉक्टर स्वतः बाहेर आले, रिपोर्ट हातात घेतला आणि म्हणाले, ‘बरोबर आहे तुमचं.’ खोटं कशाला बोलू, त्या तीन शब्दांनी मला जे समाधान दिलं ते अजून पुरतंय.

त्यांनीच समजावलं की साठा कमी झाला की पॅराथायरॉइड हार्मोन (रक्तातलं कॅल्शियम सांभाळणारं) वाढतं आणि किडनीला जास्त ॲक्टिव्ह रूप बनवायला लावतं, त्यामुळे साठा तळाला गेलेला असतानाही १,२५ नॉर्मल किंवा चक्क जास्त येऊ शकतं. क्रोन्समध्ये सुजेतल्या पेशीसुद्धा ते बनवू शकतात. म्हणजे आमच्यासारख्यांना ही चुकीची टेस्ट जास्तच फसवी. नवीन चिठ्ठीवर त्यांनी ‘२५-हायड्रॉक्सी’ पूर्ण लिहिलं, सोबत पॅराथायरॉइड हार्मोनही. साठा निघाला ११ नॅनोग्रॅम. २० च्या खाली असेल तर साधारणपणे कमतरता धरतात, बऱ्याच डॉक्टरांना ३० च्या वर हवं असतं.

पुढचं सोपं होतं. आठवड्याचा डोस परत सुरू, तो जेवणासोबत घ्यायचा, रिकाम्या पोटी नाही, आणि साधारण तीन महिन्यांनी परत तपासणी. लवकर करण्यात अर्थ नसतो कारण साठ्याचा आकडा स्थिर व्हायला तेवढा वेळ लागतोच.

अजून एक, पुढची तपासणी दुसऱ्या लॅबमध्ये झाली आणि आकडा आला ६२. घरचे खूश झाले, पण ते नॅनोमोल होतं! त्याला अडीचने भागायचं, म्हणजे जेमतेम २५. वाढलं होतं, पण पुरेसं नव्हतं, म्हणून डोस चालू राहिला आणि त्याच्या पुढच्या वेळी ३० पार झालं. तेव्हापासून मी लॅब बदलत नाही, कारण युनिटचं सोडा, मशीन आणि पद्धत वेगळी असली तरी आकडा थोडा हलतो.

सीआरपी त्याच दिवशी करून घ्या हे वरच सांगायला हवं होतं. सूज जोरात असताना डीचा आकडा तसाही खाली येतो, त्यामुळे फ्लेअरमधला (आजार उसळलेला असतानाचा) रिपोर्ट आणि शांत असतानाचा रिपोर्ट सरळ शेजारी ठेवून तुलना करू नका. थंडीच्या शेवटी आकडा कमी आणि उन्हाळ्याच्या शेवटी जास्त येतो, तेही लक्षात ठेवा. स्टिरॉइड तीन महिने किंवा जास्त झालं असेल तर डेक्सा स्कॅनबद्दल (हाडांची घनता मोजणारा स्कॅन) डॉक्टरांना स्वतःहून विचारा, माझ्या बाबतीत तो विषय मीच काढला. आणि आकडा वाढत नाही म्हणून मनाने डोस वाढवू नका, जास्त झालं तर रक्तात कॅल्शियम वाढतं, मळमळ, खूप तहान, सारखी लघवी आणि बद्धकोष्ठता सुरू होते, किडनीलाही धोका असतो. जुलाबासाठी कोलेस्टायरामिनची पावडर चालू असेल तर ते आधी सांगा, ती या व्हिटॅमिनचं शोषण अडवते, दोन्हींच्या वेळा वेगळ्या ठेवाव्या लागतात.

केसांसाठी बायोटिनच्या गोळ्या घेत असाल तर रक्त देण्याआधी लॅबला नक्की सांगा, काही मशीनवर त्यामुळे डीचा आकडा खोटाच जास्त दिसतो. मला हे नर्सने रक्त काढता काढता सांगितलं, चिठ्ठीवर कुठेच नव्हतं.