सह्या

तर यंदा पण चालले, आमच्या सायबाच्या, म्हणजे संत फ्रान्सिस झेवियरच्या पायी यात्रेला. सावंतवाडी ते जुने गोवे, साठ-पासष्ट किलोमीटर, अडीच दिवस, आणि एवढ्या चालण्यात दादाशी बोलले मोजून दहा-बारा वाक्यं. पप्पा होते तेव्हा आम्ही तिघं जायचो, पुढे पप्पा, मधे दादा, मागून मी ओरडत की जरा हळू चाला. आता आम्ही दोघं ग्रुपच्या दोन टोकांना असतो.

भांडण काय ते आधीच सांगून टाकते. हायवे मोठा झाला त्यात आमच्या काजूच्या बागेची एक पट्टी गेली, मोबदला पप्पांच्या नावावर अडकून राहिला, ते गेल्यावर वारसांच्या सह्या लागल्या आणि दादाने हक्कसोडपत्राचा कागद माझ्यापुढे ठेवला, चहाच्या कपाशेजारी, जसं काय कुरिअरची पोच आहे. मी सही नाही केली. आपल्याला भारतीय उत्तराधिकार कायदा लागतो, १९२५ चा, त्यात मुलगा-मुलगी सारखेच. पण कायदा बाजूलाच राहू दे, त्याने आधी विचारलं असतं ना तर मी कदाचित दिली पण असती. न विचारता पेन पुढे केलं त्याचा राग आहे. आणि त्याहून राग येतो ते घरी येऊन "अगो आपण क्रिस्ती माणसं, सोडून दे, माफ कर" म्हणणाऱ्यांचा. माफ कर म्हणजे सही कर, असं कुठे लिहिलंय ते मला एकदा दाखवा.

शुक्रवारी पहाटे चारला निघालो, टॉर्च, चमकणारी जॅकेटं, बाजूने ट्रक. अंधारात जपमाळ सुरू झाली. शुक्रवार म्हणजे दुःखाची रहस्यं, येशूच्या दुःखाचे प्रसंग, पहिलंच गेथशेमनेच्या बागेचं, क्रूसाच्या आदल्या रात्रीचं. लहानपणापासून शेकडो वेळा म्हटलंय पण तोंडाने म्हणायचं आणि डोक्यात नाश्ता. या वेळी काय झालं माहीत नाही, डोक्यात तेच फिरायला लागलं की येशू तिथे घाबरलाय. शांतबिंत नाहीये तो. जिवावर आलंय, मित्रांना म्हणतो जागे राहा, ते झोपतात, परत येऊन उठवतो, परत झोपतात, आणि बापाला तीन-तीनदा तेच सांगतो की हा प्याला माझ्यावरून टळू दे. मग आम्हाला कोणी शिकवलं की विश्वास असला की रडायचं नाही, चिडायचं नाही, सगळं ठीक आहे म्हणायचं? त्या दिवशी मी मण्यामण्याला सरळ सांगत गेले, मला राग येतोय, अजून येतोय. राग काही गेला नाही. पण छातीत दाबून चालण्यापेक्षा बोलत चाललं की दम कमी लागतो, एवढं खरं.

बांद्याच्या अलीकडे आमची ती पट्टी लागली. पप्पांनी लावलेल्या काजूंच्या जागी आता डिव्हायडरमधली कण्हेर. मी मुद्दाम दुसरीकडे बघितलं. पुढे दादाची मान पण दुसरीकडे होती.

पत्रादेवीला हद्द ओलांडली, १९५५ च्या सत्याग्रहींच्या स्मारकापाशी पाणी प्यायलो, पेडण्याच्या बाजूला मुक्काम. तिथे एक आजोबा विचारतात, पंढरपूरला का? म्हटलं नाही हो आजोबा, सायबाच्या पायाशी. "मग तेच की" म्हणाले आणि गेले.

दुसऱ्या दिवशी कोलवाळच्या पुलाच्या आधी माझी टाच गेली. मोठा फोड, बुटात पाय ठेवला की डोळ्यांत पाणी. मी कडेला बसले, बाकीचे पुढे गेले आणि दादा उलटा फिरून आला. "पाय दाखव हडे." एवढंच. सुईत दोरा ओवला, सुई लायटरवर तापवली, फोडाच्या एका बाजूने घालून दुसऱ्या बाजूने काढली आणि दोरा आतच ठेवून दोन्ही टोकं कापली, म्हणजे पाणी झिरपत राहतं आणि वरची कातडी टिकते. पप्पांची पद्धत (डॉक्टर लोक याला नावं ठेवतात, जंतू जातात म्हणे, तर तुम्ही करू नका). पाय त्याच्या मांडीवर होता आणि मला त्याच्या डोक्याचे पांढरे केस दिसत होते. गेल्या वर्षी एवढे नव्हते. तो काही बोलला नाही, मी पण नाही, थँक्यू म्हणायला पाहिजे होतं ते पुलाच्या मध्यावर आठवलं.

रविवारी सकाळी रायबंदरचा बांध, १६३३-३४ सालचा, तीन किलोमीटरच्या वर सरळ रस्ता. पप्पा दरवर्षी इथेच फ्रान्सिस झेवियरची गोष्ट सांगायचे, चमत्काराची नाही, पत्रांची. १५४२ ला गोव्यात आलेला माणूस, पुढे मलाक्का, जपान, मित्र सगळे युरोपात. पत्र यायला वर्षं लागायची. तर त्या पत्रांखालच्या मित्रांच्या सह्या त्याने कापून घेतल्या आणि गळ्यात बाळगल्या. त्यातल्या इग्नेशियस नावाच्या मित्राचं पत्र वाचताना तर रडला, आणि तसं त्याने स्वतःच लिहून ठेवलंय. शेवटी चीनला जायचं म्हणून एका बेटावर बोटीची वाट बघत बसला, बोट आलीच नाही, ३ डिसेंबर १५५२ ला तिथेच गेला, ४६ व्या वर्षी. संत झाला पण एकटं वाटायचं ते वाटायचंच.

यंदा गोष्ट सांगायला कोणी नव्हतं. मला सारखं वाटत होतं की दादाला पण आत्ता तेच आठवत असणार, सह्या. फ्रान्सिस गळ्यात घालून फिरायचा आणि मी एक देत नाही. मग लगेच वाटलं, हे काय, ती सही वेगळी. प्रेमाने आलेल्या पत्राखालची ती. कुणी पेन हातात कोंबून घेतलेली नव्हे.

बॉम जेझू, म्हणजे सायबाचं शव ठेवलंय त्या चर्चच्या रांगेत दीड तास. हातात मेणबत्ती, आणि डोक्यात बायबलातलं मत्तयचं ते वचन, वेदीपाशी दान आणलंस आणि आठवलं की तुझ्या भावाच्या मनात तुझ्याविरुद्ध काही आहे, तर दान तिथेच ठेव, आधी जाऊन समेट कर. हे नेमकं आत्ताच का आठवावं! चिडचिड झाली. पण दोनदा मनात म्हटल्यावर लक्षात आलं, त्यात जा म्हटलंय, हक्क सोड म्हटलेलं नाही. मेणबत्ती रेलिंगवर ठेवली आणि मागे गेले, तो बारा-पंधरा माणसं मागे होता. म्हटलं, "दादा, मी सही करणार नाही. पण तुझ्याशी बोलायचंय, भांडायला नाही."

तो म्हणाला, "बरा." मग थोड्या वेळाने, "टाच कशी हा?"

दोघं एकत्रच सायबाच्या चांदीच्या पेटीखालून पुढे सरकलो.

येताना एसटी. तिकिटं त्याने काढली. मी माझ्या तिकिटाचे पैसे पुढे केले, त्याने मोजून घेतले.